गाडी दिव्याला काय विचारते?

मे महिना सरत आला की नगर जिल्ह्याचं पश्चिम टोक रात्री जागं होतं. अकोले तालुक्यात भंडारदरा, घाटघरच्या बाजूला एखाद-दुसरा वळीव पडून गेलेला असतो, मोसमी पाऊस अजून यायचा असतो, आणि हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडंच्या झाडं काजव्यांनी लखलखत असतात. एक झाड उजळतं, विझतं, आणि त्याची लागण झाल्यासारखं शेजारचं उजळतं.

त्याच रस्त्याने आमची गाडी चालली होती आणि तिचेही दिवे लुकलुकत होते. भाच्याने आठवड्यापूर्वी जुने पिवळे बल्ब काढून बाजारातले पांढरेशुभ्र एलईडी बसवून घेतले होते. उजेड झगझगीत, पण पापणी फडफडावी तसा सारखा थरथरणारा. राजूरच्या पुढे एका वळणावर गावातल्या मुलाने हात दाखवून थांबवलं. “साहेब, लाइट बंद करा. काजवे बुजतात.”

दिवे मालवले. डोळे अंधाराला सरावल्यावर समोर जे दिसलं ते नुसतं चमकणं नव्हतं. काजव्यांच्या अनेक जातींत नर आपल्या ठरलेल्या तालात चमकतो, म्हणजे जणू विचारतो, ‘आहेस का?’ झुडपात बसलेली मादी नेमका तेवढाच वेळ थांबून एक चमक परत देते: ‘आहे.’ मध्येच मोटारीचा झोत आला की प्रश्न बुडतो आणि उत्तरही.

परतताना दिव्यांची फडफड पुन्हा सुरू झाली. भाचा म्हणाला, “मामा, बल्ब डुप्लिकेट निघाले वाटतं.” मलाही तेच वाटलं होतं. नगरला वायरमनकडे गेल्यावर मात्र कळलं, की त्या फडफडीतसुद्धा एक प्रश्न दडलेला आहे, आणि काजव्याच्या प्रश्नाहून तो फारसा वेगळा नाही.

तवा आणि ठिणगी

वायरमनने पहिल्यांदा जुना बल्ब परत लावला. उजेड शांत. नवा लावला, फडफड. मग त्याने मोबाइलचा कॅमेरा सुरू करून भिंतीवर पडलेल्या झोताकडे धरला. एलईडीच्या उजेडात पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले. जुन्या बल्बच्या उजेडात भिंत स्वच्छ. “करंट दोघांना सारखाच चाललाय,” तो म्हणाला, “पण हा सांगतो, तो सांगत नाही.”

या एका वाक्यात सगळं विज्ञान आहे.

आपल्या गाड्यांत वर्षानुवर्षं चालत आलेला एच-४ बल्ब म्हणजे ६० आणि ५५ वॅटच्या दोन तारा, एक अप्परची, एक डिपरची. तार टंगस्टनची. पेटल्यावर तिचं तापमान २,९०० अंश सेल्सियसच्या घरात जातं, आणि टंगस्टन वितळतं ३,४२२ अंशांना. म्हणजे आपण रोज रात्री वितळण्यापासून पाचेकशे अंश दूर असलेल्या तारेच्या भरवशावर घाट उतरतो. तापलेल्या तारेवरून टंगस्टनचे अणू उडत राहतात. बल्बमध्ये भरलेला हॅलोजन वायू त्यांना वाटेतच पकडतो आणि पुन्हा तारेवर आणून सोडतो. म्हणून काच काळवंडत नाही.

पण इथे महत्त्वाचा आहे तो तारेचा आळस. भाकरी टाकायच्या तव्याखालचा गॅस क्षणभर बंद करून पुन्हा पेटवला, तर तव्याला पत्ताही लागत नाही. तो तापलेलाच राहतो. तार तशीच आहे. सेकंदाला शंभर वेळा वीज तोडली आणि जोडली, तरी दोन ठोक्यांमध्ये तिला विझायला सवडच मिळत नाही. आपल्या घरातला जुना पिवळा बल्बही असाच फसवायचा. ५० हर्ट्झच्या विजेवर तो सेकंदाला शंभर वेळा मंदावायचा आणि आपण त्याखाली निवांत वाचत बसायचो.

एलईडीला तव्याचा स्वभाव नाही, ठिणगीचा आहे. त्यात तापणारी तार नसते. अर्धवाहकाच्या स्फटिकातून इलेक्ट्रॉन खालच्या पायरीवर उतरतात आणि त्या उतरणीतून निळा प्रकाश थेट निघतो. वरचा पिवळा लेप त्यातला काही भाग पिवळा करतो आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं दिसतं. हा निळा एलईडी साधायला इतका अवघड गेला, की तो साधणाऱ्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. वीज थांबली की हा प्रकाश सेकंदाच्या लाखाव्या हिश्शाच्या आत थांबतो. त्याच्याकडे साठवलेली ऊब नाही. जे खालून येतं ते तो जसंच्या तसं दाखवतो.

तेव्हा फडफड नव्या बल्बने आणली नव्हती. ती गाडीच्या तारांत पहिल्यापासून होती. जुना बल्ब ती पोटात घालत होता.

गाडीची चौकशी

मग गाडी अशी तोडून तोडून वीज का देते?

पूर्वी बटण, रिले, फ्यूज आणि बल्ब असा सरळ रस्ता होता. आता बऱ्याच गाड्यांत मध्ये एक संगणक बसलेला असतो. तो दिव्यांना वीज ठोक्यांनी देतो, याची दोन कारणं आहेत.

पहिलं काटकसरीचं. इंजिन चालू असताना अल्टरनेटर १३.८ ते १४.४ व्होल्ट देतो. तारेच्या बल्बला हे जड जातं. व्होल्टेज पाच टक्क्यांनी वाढलं तरी त्याचं आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं. म्हणून संगणक वीज मध्ये मध्ये कापून सरासरी बेताची ठेवतो.

दुसरं कारण चौकशीचं. डिपरची ५५ वॅटची तार साधारण साडेचार अँपिअर करंट ओढते. संगणक तेवढ्यावर लक्ष ठेवून असतो. करंट आला, म्हणजे बल्ब आहे. नाही आला, म्हणजे उडाला. काही गाड्या दिवे बंद असतानाही ही चौकशी करतात. अगदी बारीक ठोका पाठवतात. थंड तारेचा रोध तापलेल्या तारेच्या दहाव्या हिश्शाहून कमी असतो, त्यामुळे तेवढ्या ठोक्यातही तार धडधाकट आहे की तुटलेली ते कळतं. बल्ब पेटतही नाही आणि हजेरी लागते. ‘आहेस का?’ ‘आहे.’

आता त्या जागी २५ वॅटचा एलईडी बसवा. तो जेमतेम दोन अँपिअर ओढतो. संगणक विचारतो, आणि उत्तर अर्धवट येतं. त्याला वाटतं, बल्ब उडाला. काही गाड्या डॅशबोर्डवर खूण दाखवून थांबतात. काही वीज तोडतात, पुन्हा देऊन बघतात, पुन्हा तोडतात. गाडी लॉक करून आपण वळलो आणि बंद दिवे अंधारात हलकेच मिचकले, तर ते भूत नव्हे. तारेला न जाणवणारा हजेरीचा ठोका एलईडीने दाखवून दिलेला असतो.

बाजारात अशा बल्बच्या खोक्यावर ‘कॅनबस’ असं ठळक छापलेलं असतं. कॅन ही खरं तर गाडीतल्या निरनिराळ्या संगणकांनी आपसांत बोलायची पद्धत आहे. बॉश कंपनीत १९८३ साली तिचं काम सुरू झालं, १९८६ मध्ये ती डेट्रॉइटला जगापुढे मांडली गेली. गंमत अशी, की कॅनची ती बोलकी तार बल्बपर्यंत पोचतच नाही. बल्बला येते ती साधी विजेची तार. खोक्यावरच्या शब्दाचा अर्थ एवढाच, की आत संगणकाचं समाधान करणारी काहीतरी जोडणी आहे. तिचा दर्जा खोक्यावरून कळत नाही.

नाडी परीक्षा

प्रत्येक फडफड संगणकाचीच असते असंही नाही. जाणता वायरमन पाना हातात घेण्याआधी फडफडीचा ताल बघतो. ताल वेगळा, दुखणं वेगळं.

इंजिन बंद असो वा चालू, दोन्ही दिवे एकाच लयीत, न थकता थरथरत असतील तर संशय संगणकाच्या ठोक्यांवर जातो. दिवा दोन-तीन सेकंद नीट लागून मग विझत असेल आणि डॅशबोर्डवर बल्बची खूण येत असेल, तर करंट कमी पडल्याची तक्रार आहे.

एक्सलेटर दिला की फडफड वेगवान आणि सोडला की संथ, असं असेल तर बल्ब सोडा, अल्टरनेटर बघा. त्याच्या पोटात उलटसुलट वीज तयार होते आणि डायोड ती एका दिशेला वळवतात. एक डायोड गेला की विजेला लाटा येतात, आणि त्या इंजिनच्या फेऱ्यांबरोबर पळतात. इंजिन चालू ठेवून, मीटर एसी व्होल्टवर लावून, बॅटरीच्या दोन टोकांना धरला आणि अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा आला तर तो डायोड तपासायला हवा.

खड्ड्यातच फडफडत असेल तर कुठेतरी ढिलं आहे. वीस मिनिटं नीट चालून मग फडफडत असेल तर उष्णता. एलईडीचा प्रकाश थंड वाटला तरी त्याची बैठक चांगलीच तापते, आणि आतला स्फटिक साधारण दीडशे अंशांच्या वर टिकत नाही. म्हणून मागे ॲल्युमिनियमचे पंख आणि बोटाएवढा पंखा असतो. उन्हाळ्यातली धूळ त्या पंख्यात जाऊन बसली किंवा मागचं रबरी बूच दाबून लावलं, की उष्णतेला वाट राहत नाही. मग आतली जोडणी जीव वाचवायला प्रकाश कमी करते किंवा तोडते. इथे काजवा आपल्या पुढे आहे. त्याचा प्रकाश पोटातल्या रासायनिक क्रियेतून निघतो आणि त्याला पंखा लागत नाही.

आणि सगळ्यात स्वस्त तपासणी: डावा बल्ब उजवीकडे लावा, उजवा डावीकडे. फडफड बल्बबरोबर गेली तर दोष बल्बचा. जागच्या जागी राहिली तर दोष गाडीच्या वायरिंगचा. याला ना संगणक लागतो, ना पैसे.

कळकलेला कपलर

आमच्या गाडीत ठोक्यांचं कोडं सुटलं होतं, तरी वायरमनचं समाधान झालं नाही. दिवे चालू ठेवून त्याने मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला लावलं आणि दुसरं बल्बच्या कपलरमधल्या अर्थच्या पिनला. नीट असेल तर इथे जवळजवळ शून्य यायला हवं. फार तर एक-दोन दशांश व्होल्ट. मीटरवर पाऊण व्होल्ट आला.

“अर्थ खातोय,” तो म्हणाला.

दिव्यापर्यंत वीज नेणारी तार सगळे बघतात. तिला परत नेणारी अर्थची तार गाडीच्या पत्र्यावर एका बोल्टखाली दाबलेली असते आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. तिथे रंग, गंज, धुतल्याचं पाणी, माती साचते. पितळी भांड्यात ताक ठेवलं की कळकतं हे आपल्या आजीला ठाऊक होतं, म्हणून ती भांड्याला कल्हई करून घ्यायची. कपलरच्या पिनाही मूळ तांब्या-पितळेच्याच असतात, आणि बहुतेक पिनांवर कारखान्यात चढवलेला मुलामा असतो कथलाचा. म्हणजे कल्हईच! गाडीच्या सततच्या थरथरीने ती झिजते, पाणी आत जातं आणि पिन कळकते. हिरवट थर चढला की विजेची वाट अडते.

अडते म्हणजे किती? पाच अँपिअरच्या वाटेत ओहमचा पाचवा हिस्सा आडवा आला तरी पूर्ण एक व्होल्ट तिथेच जळतो. तारेच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या मानाने फार झपाट्याने घसरतो. व्होल्टेज दहा टक्के कमी झालं तर प्रकाश तीस टक्क्यांनी घटतो. ‘जुने बल्ब पिवळे आणि मंद’ ही आपली तक्रार पुष्कळदा बल्बची नसतेच.

एलईडीचं याच्या उलट. त्याच्या आतली जोडणी हट्टी असते. व्होल्टेज कमी आलं तर ठरलेले वॅट पुरे करायला ती जास्त करंट ओढते. जास्त करंट ओढला की त्या कळकलेल्या वाटेत आणखी व्होल्टेज जळतं. मग एका हद्दीखाली गेल्यावर जोडणी बंद पडते. बंद पडली की करंट थांबतो, व्होल्टेज परत वर येतं, ती पुन्हा सुरू होते आणि पुन्हा कोसळते. दिव्याला उचकी लागते. दुखणं अर्थचं, बोल मात्र बल्बला.

समजूत काढायचे मार्ग

संगणकाची समजूत काढायला बाजारात तीन मार्ग मिळतात. एक, एलईडीच्या बाजूला रोध जोडायचा. सोनेरी ॲल्युमिनियमच्या कवचातला सहा ओहमचा रोध सव्वादोन अँपिअर जादा ओढतो, बेरीज चार अँपिअरच्या वर जाते आणि संगणक गप्प बसतो. पण त्या रोधातून तीस वॅट उष्णता निघते, म्हणजे सोल्डरिंग आयर्न बॉनेटखाली कायम चालू ठेवल्यासारखं. तो पत्र्यालाच कसावा लागतो. वायरच्या जुडग्याला प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधला तर इन्सुलेशन वितळतं. आणि हिशेब बघा: एलईडीने वाचवलेली वीज गाडीला पटवण्यातच जाळायची.

दुसरा मार्ग कपॅसिटरचा. हा ठोक्यांमधल्या फटी भरतो. पाण्याच्या टाकीचं काम, मोटर थांबून थांबून चालली तरी नळ अखंड. तिसरा, रिले टाकून थेट बॅटरीवरून, फ्यूज लावून, जाड वायरने वीज आणायची. साध्या वायरिंगच्या जुन्या गाडीला हा उत्तम. ठोक्यांच्या गाडीत मात्र रिलेच त्या ठोक्यांवर टकटक वाजायला लागतो. शिवाय वायरिंग कापलं की कंपनीच्या वॉरंटीचा प्रश्न वेगळाच.

नगरमध्ये होते ती परीक्षा

एवढं करून फडफड थांबली तरी दिवा पास झाला असं नाही. आणि दिव्याची खरी परीक्षा जिथे होते, ती जागा नगर शहराजवळच आहे, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत असेल?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२६ सांगतो, की प्रत्येक नव्या गाडीचा नमुना ठरावीक संस्थांकडून तपासून घ्यायला हवा. त्या यादीतलं पहिलंच नाव संरक्षण खात्याच्या व्हीआरडीईचं, म्हणजे नगरच्या वाहन संशोधन आणि विकास संस्थेचं आहे. पुढे केंद्राच्या ‘नॅट्रिप’ या वाहनचाचणी प्रकल्पात नगरच्या वाट्याला जे विषय आले त्यांत चाचणीचे रस्ते होते, प्रकाशमापन होतं आणि विद्युतचुंबकीय सुसंगतता होती. शेवटचे दोन म्हणजे आपल्या फडफडणाऱ्या बल्बच्याच दोन प्रश्नपत्रिका.

सुसंगतता म्हणजे काय, ते घरीही ऐकता येतं. गाडीत रेडिओवर आकाशवाणीचं नगर केंद्र लावा आणि दिवे लावा. खरखर सुरू झाली तर एलईडीच्या आतली जोडणी सेकंदाला लाखो वेळा वीज तोडताना आजूबाजूला रेडिओलहरी सांडते आहे. चांगल्या बल्बमध्ये त्या अडवणारी गाळणी असते, स्वस्तात ती पहिली गाळली जाते. प्रयोगशाळेत ही सांडलवंड मोजायला भिंतींवर लहरी शोषणारे सुळके बसवलेली खोली लागते. तिथे बाहेरचं काही आत येत नाही आणि आतलं भिंतीवरून परतत नाही, म्हणून गाडीची कुजबुजही मोजता येते.

प्रकाशमापन आणखी नाजूक. दिव्याचा झोत २५ मीटरवरच्या पडद्यावर जसा पडेल तसा बिंदूबिंदूने तपासतात. डिपरला वर एक स्पष्ट कडा हवी. कडेखाली रस्ता, कडेवर समोरच्याचे डोळे. एच-४ बल्बमध्ये ही कडा कोण पाडतं? डिपरच्या तारेखाली नखाएवढी एक धातूची वाटी असते. ती खालचा अर्धा प्रकाश अडवते, इतकंच. तार पाचेक मिलिमीटर लांबीची, आणि आरशातली तिची जागा केसभरही हलून चालत नाही. बाजारातल्या एलईडीच्या चिप त्याच जागी, त्याच आकारात बसल्या नाहीत तर कडा फाटते आणि प्रकाश वर सांडतो. आपल्याला वाटतं उजेड वाढला. समोरच्या दुचाकीवाल्याला काहीच दिसत नाही. गळीत हंगामात, रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या रस्त्याच्या कडेला उभ्या असताना, त्याचं न दिसणं फार महाग पडतं.

म्हणूनच दिवा आणि बल्ब ही जोडी म्हणून मंजूर होते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलात बदल करायला मनाई करतं. जर्मनीत २०२० पासून ठरावीक एलईडी आणि ठरावीक गाडी अशा तपासलेल्या जोड्यांना परवानगी मिळू लागली. तिथेही यादीबाहेरची जोडी चालत नाही.

पाऊण व्होल्ट

वायरमनने अर्थचा बोल्ट सोडला, पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत केला, नवी थिंबल दाबली, वर ग्रीस लावलं. कपलरच्या पिना साफ केल्या. मीटर परत लावला तेव्हा पाऊण व्होल्ट जवळजवळ नाहीसा झाला होता.

मग त्याने विचारलं, “आता जुनेच बल्ब टाकून बघू का?”

भाच्याचं तोंड उतरलं. पण लावले. भिंतीवरचा झोत पाहून तो स्वतःच दोन पावलं मागे आला. पाऊण व्होल्ट परत मिळाला की प्रकाशात जवळपास पाचव्या हिश्शाची भर पडते. ज्या उजेडासाठी त्याने एलईडी आणले होते, त्यातला बराचसा त्या बोल्टखाली अडकून पडला होता. कडा सरळ, रंग पिवळसर, झोत शांत.

त्या रात्री औरंगाबाद रोडने घरी येताना मी सवयीने मोबाइल काढला आणि समोर रस्त्यावर पडलेल्या उजेडाकडे धरला. पट्टे नाहीत. थरथर नाही. पण आता माहीत होतं, की बॉनेटखाली गाडी अजून सेकंदाला शंभरदा वीज तोडते आहे, जोडते आहे, विचारते आहे: आहेस का? आणि पाच मिलिमीटरची एक तार, तव्यासारखी तापून, काही न बोलता हजर आहे.